चांदीवरचे काळे

सहा अंडी उकळत होती आणि स्वयंपाकघरातल्या तिघांपैकी एकालाही भूक नव्हती.

वहिनीने घड्याळाकडे पाहिले. सव्वाआठ. चार वाजता आईंना रुग्णालयातून घरी आणायचे होते. "आता घरी न्या, त्यांना घरीच बरं वाटेल," हे वाक्य डॉक्टरांनी ज्या मऊ आवाजात उच्चारले होते त्याचा अर्थ तिघांनाही कळला होता, आणि तिघांनीही तो एकमेकांजवळ बोलून दाखवला नव्हता. टेबलावर जुन्या टॉवेलच्या घडीवर चांदीचे कडे ठेवलेले होते. पांढरेशुभ्र, काल संध्याकाळी शेवटचा हात फिरवून झालेले. आईंच्या मनगटावर बेचाळीस वर्षे होते ते हे नव्हे. ते सोमवारी हरवले होते.

"मला अजूनही वाटतं, सांगून टाकावं," वहिनी म्हणाली.

"तू सांगणार?" दादाने विचारले.

"मी कशाला? पण कोणीतरी सांगा. हरवलं म्हणजे हरवलं. माणसाच्या हातून होतं असं."

"माझ्या हातून," बारकी म्हणाली. "माणसाच्या काय माणसाच्या? नीट नाव घे ना, वहिनी."

वहिनीने गॅस बारीक केला. सासरे गेल्यावर आई कोणाकडे राहणार यावरून जी बोलाचाली झाली होती, तिला आता दोन वर्षे होत आली. तेव्हापासून या नणंदेशी ती कामापुरतेच बोलत असे. एरवी हा टोमणा तिने व्याजासकट परत केला असता. पण चाळिशी ओलांडूनही घरात बारकीच राहिलेल्या या बाईने चार दिवसांपूर्वी रुग्णालयाच्या मागच्या अंगणात खरकट्याची तीन पोती स्वतःच्या हातांनी उपसली होती, आणि ते वहिनीने डोळ्यांनी पाहिले होते.

घडले होते ते इतके साधे होते, की सांगताना खोटे वाटावे. तपासणीच्या यंत्रात धातू चालत नाही म्हणून परिचारिकेने आईंच्या सुजलेल्या हातावरून साबण लावून कडे काढले आणि बारकीच्या हातावर ठेवले. साबण लागलेले म्हणून बारकीने ते कागदी रुमालात गुंडाळले. तेवढ्यात सही करायला बोलावले. तिने पुडी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली, सही केली, वळली. ताट गेले होते.

"अठरा वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते मी," बारकी म्हणाली. हे वाक्य तिने चार दिवसांत चौथ्यांदा म्हटले असेल. "एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही."

"झालं ते झालं," दादा म्हणाला. "आता तिने विचारलंय तर उत्तर तयार पाहिजे. रोज विचारते. तू सांगून बसलीस, की कारखान्यात माझ्या तिजोरीत आहे म्हणून."

"मग काय सांगायला हवं होतं? तिच्या नाकात नळी होती, दादा!"

"मी काही म्हणालो का?"

"काल म्हणाली, घरी गेल्यावर पहिलं ते हातात घाल, मग औषधं." बारकीचा आवाज खाली गेला. "मला तिला ते कळायला नकोय. बाकी काही नको. एवढंच."

ते कडे काय होते हे लग्न होऊन आलेल्या वहिनीलाही ठाऊक होते. दादा आणि बारकी यांच्यामधला मुलगा आठव्या वर्षी तापाने गेला, त्या साली सासऱ्यांनी ते घडवले होते. भोवती वेल, वेलीला बारा पाने, आणि जोडाजवळ एक मिटलेली कळी. त्या कळीविषयी या घरात कोणी, कधीही, एक शब्द काढलेला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "उकडली अंडी. आता हे जुन्यासारखं काळं कसं करायचं?"

दादाने बारकीकडे पाहिले. बारकीने दादाकडे.

"तू कारागीर ना?" बारकी म्हणाली.

"मी कोरतो. काळं करणं आईकडे असायचं. माल घरी यायचा पांढरा, जायचा काळा. मी तेव्हा बाबांच्या हाताखाली. आता कारखान्यात त्याच्या औषधाची बाटली आहे, दोन मिनिटांत होतं. पण तो काळा निळसर येतो, सपाट. आई त्याला बुटाचं पॉलिश म्हणते. लांबून ओळखेल."

"ती अंडी गरम असतानाच फोडायची, एवढं आठवतं," बारकी म्हणाली. "काट्याने कुस्करायची. झाकणाच्या डब्यात घालायची. दागिना अंड्याला टेकू द्यायचा नाही, वाटी उपडी ठेवून तिच्यावर ठेवायचा. मग झाकण घट्ट."

"किती वेळ?"

"ते कुठलं माहीत? मी शाळेत जायचे तेव्हा पांढरं असायचं. आले की काळं."

"म्हणजे," वहिनी सावकाश म्हणाली, "हे काम येणारं या घरात एकच माणूस आहे, आणि त्यांच्यापासूनच लपवायचंय."

आधी बारकीला हसू फुटले. मग दादाला. तिघेही ओट्याला धरून हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि ते पाणी थांबेना तेव्हा ज्याने त्याने तोंड दुसरीकडे फिरवले. वहिनीने अंडी निथळून घेतली. सोलताना बोटे भाजत होती. दोन काट्यांनी दोघी नणंद-भावजया एकाच डब्यात अंडी कुस्करीत होत्या, आणि दोन वर्षांत त्या एवढ्या जवळ उभ्या राहिलेल्या नव्हत्या.

*

दहा वाजता दादाने झाकण उघडले, तेव्हा चांदीवर पिवळट झाक आली होती. अकराला ती तांबूस झाली. साडेबाराला कडे जांभळ्या-तपकिरी रंगाचे झाले आणि वासाने डोळ्यांत पाणी आणले. "अजून थोडं," असे म्हणून त्याने झाकण लावले, आणि पलंग हलवायला, गाद्या उन्हात टाकायला, जिन्यातली सायकल बाजूला करायला निघून गेला. परतला तेव्हा दीड वाजून गेला होता. कडे सर्वांगाने काळे झालेले होते. बाहेरून, आतून, कडांवर, खाचांत, सगळीकडे सारखेच.

तो ते घेऊन खिडकीपाशी बसला. खाण्याच्या सोड्यात थेंबभर पाणी घालून केलेला लेप बोटावर घेतला, बोटाला फडके गुंडाळले आणि वेलीचा उंचवटा घासू लागला. काळे हळूहळू सरकले. पानांच्या कडा उजळल्या आणि खाचांत मात्र काळे राहिले, तशी नक्षी वर आली. जणू आत्तापर्यंत ती चांदीत झोपली होती.

त्याचा हात थांबला.

बाबांच्या वहीत या कड्याचा ठसा होता. कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतलेला. त्यावरून त्याने तीन दिवस कोरले होते. प्रत्येक पानाची शीर बाबांची कोरणी जिथे टेकली असेल तिथे टेकवली होती, जिथे उचलली असेल तिथे उचलली होती. आणि या तीन दिवसांत, आई तिकडे नळ्यांना बांधलेली असताना, तो सुखात होता. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. तीस वर्षांत इतके चांगले काम त्याच्या हातून झाले नव्हते. बाबा गेल्यापासून आई त्याच्या कामाकडे चष्मा लावून पाही, "ठीक आहे," म्हणे आणि चष्मा काढून ठेवी. आता आयुष्यातले सर्वांत उत्तम काम तो तिच्या हातात घालणार होता, आणि ते त्याचे आहे हे तिला कळू नये म्हणून धडपडत होता.

"दादा, आतली बाजूपण काळीच आहे," बारकी मागून म्हणाली. "बेचाळीस वर्षं हाताला घासलेलं आत काळं कसं राहील?"

"मग घेऊन टाक, तूच घास!" तो ओरडला. "तीन दिवस मान मोडून केलंय मी हे. तू पाच मिनिटं एक पुडी सांभाळली असतीस तर आज ही अंडी-बिंडी नसती. आणि मला आत-बाहेर शिकवतेस!"

बारकी भिंतीला टेकली, आणि टेकल्या टेकल्या खाली बसली.

वहिनी हातात फिनेलची बादली घेऊन दारात उभी होती. ती बादली तिने इतक्या जोरात ठेवली की पाणी उसळले.

"आवाज खाली. तिच्यावर ओरडून कडं परत येणार आहे का? चार दिवस ती रुग्णालयात होती, तुम्ही कारखान्यात. उलट्या तिने धरल्या, चादरी तिने बदलल्या. माझ्याकडूनही ती पुडी तिथेच राहिली असती. तुमच्याकडूनही."

"मी कुठे काय—"

"अहो, आतली बाजू घासा. बरोबर सांगतेय ती."

त्याने आतली बाजू घासायला घेतली. सकाळी आईला खरे सांगा म्हणणारी वहिनी आता घरभर फिनेल फिरवीत होती, लिंबाच्या साली पाण्यात उकळत होती, पंखे लावीत होती, आणि सकाळी कळू द्यायचे नाही म्हणणारी बारकी भिंतीशी बसून म्हणत होती, "सांगून टाकू या, दादा. मला नाही जमायचं तिच्या डोळ्यांत बघून."

"आता रुग्णालयाची गाडी यायची वेळ झाली," दादा म्हणाला. "आता काही बोलू नकोस."

*

खुर्चीत बसवून दोघा माणसांनी आईला जिना चढवला. प्रत्येक पायरीला खुर्ची एका बाजूला कलत होती, आणि पुढचा माणूस मागच्याला, "अरे, म्हशीसारखा काय चालतोस, आजी पडतील," असे म्हणत होता. तिला हसू आले, पण हसायला लागणारा श्वास नव्हता.

दार उघडले आणि तिला तिचे घर वासातून भेटले. आधी फिनेल. त्याच्या खाली लिंबू. आणि लिंबाच्या खाली, भिंतींत मुरलेल्यासारखा, अंड्याचा तो वास.

तिने चाळीसएक वर्षे हा वास केसांत बाळगला होता. दर आठवड्याला हे कारखान्यातून माल आणून ओट्यावर ठेवत. पैंजण, अंगठ्या, डब्यांची झाकणे. सगळे पांढरे, आंधळे. नक्षी आहे की नाही, हे बोट फिरवल्याखेरीज कळत नसे. ती काळे चढवी आणि मग नक्षी दिसू लागे. गिऱ्हाईक म्हणे, काय हात आहे कारागिराचा! हे मान डोलावत. तिलाही त्यात कधी काही खटकले नव्हते. खटकले असेल तर इतके जुने, की आता त्याला नाव उरले नव्हते.

पण कारखान्यात बाटली येऊन दहा वर्षे झाली होती. मग आज, तिच्या येण्याच्या दिवशी, तिच्या स्वयंपाकघरात चांदी कोणी काळी केली? आणि कशासाठी?

खुर्ची बैठकीतून आतल्या खोलीकडे निघाली, तेवढ्या दहा पावलांत तिला सगळे कळले. बारकीचे सुजलेले डोळे कळले. तिजोरीची गोष्ट सांगताना ती खिडकीकडे का बघत होती ते कळले. मोठ्याच्या अंगठ्याला पडलेला ताजा घट्टा कळला. तिने डोळे मिटून घेतले. पोरांना वाटावे, तिला वास आलाच नाही.

*

आईला उशीला टेकवून बसवले. वहिनीने पांघरूण सारखे केले. दादाने खिशातून फडक्यात गुंडाळलेले कडे काढले आणि, आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढे माल ठेवणारा तो माणूस, फडक्याची गाठ सोडताना अडखळला.

"हे घे, आई. तुझं कडं."

आईने ते हातात घेतले. घातले नाही. उजेडाकडे धरून फिरवले. बारकीने पलंगाचा दांडा घट्ट धरला होता.

"किती अंडी घेतलीत?" आईने विचारले.

दादाने रिकाम्या फडक्याची घडी घातली.

"किती?"

"सहा," वहिनी म्हणाली. बाकी दोघांना तोंड उघडता येणार नाही हे तिला दिसत होते.

"सहा!" आई म्हणाली. "एका कड्याला दोन पुरतात. आणि झाकण लावून निघून जायचं नसतं. सारखं उघडून बघावं लागतं."

"आई," बारकी म्हणाली, "आई, मी ते ताटाशेजारी ठेवलं, कागदात... सही करायला गेले, आणि..." एवढे बोलून तिला पुढचे येईना. मग दादाने सांगितले, तुटक तुटक, बारकीचा दोष जितका कमी करून सांगता येईल तितका कमी करून. पोत्यांचेही सांगितले.

आईने तोंड भिंतीकडे केले.

तिघे उभे राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते आणि दुसरा कोणी "अजून, अजून, येऊ दे" म्हणत होता. आईचे खांदे हलत नव्हते. ती रडत होती की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

"सोमवारी गेलं?" भिंतीकडूनच तिने विचारले.

"हो."

"आणि मी रोज विचारत होते."

"हो."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर आपण दोघी मिळून रडलो असतो, बारके. तुझं एकटीचं रडून झालंय. आणि मला आता तेवढा वेळ नाही गं."

बारकी पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसली आणि तिने तोंड पांघरुणात घातले. वहिनी तिच्या मागे गेली, उभी राहिली, आणि शेवटी तिने तिच्या पाठीवर हात ठेवला.

आई वळली. "चष्मा दे," ती दादाला म्हणाली.

त्याने चष्मा दिला. ती एकेक पान पाहत गेली. तिचे नख कळीपाशी आले आणि थांबले.

"ह्यांची कोरणी इथं घसरली होती," ती म्हणाली. "देठाशी. दुसरं काही कोरताना कधी घसरली नाही. इथं घसरली."

"ठशात दिसत होतं," दादा म्हणाला.

"तू घसरूनच कोरलंस."

"हो."

आईने कळीवरून पुन्हा नख फिरवले. "मुद्दाम घसरवायला जास्त हात लागतो," ती म्हणाली, आणि चष्मा काढला नाही.

दादाने खिडकीकडे पाहिले. त्याची हनुवटी थरथरत होती आणि पन्नाशीच्या माणसाला ती लपवायला जागा नव्हती.

"आता हे काळं काढ," आई म्हणाली.

"काढू? अगं, चांगलं चढलंय."

"नवं आहे तर नवं दिसू दे. ह्याला जुनं होताना बघायला मी कुठली थांबतेय? कोरं तरी बघू दे मला. अॅल्युमिनियमचं पातेलं घे, उकळतं पाणी, दोन चमचे खायचा सोडा. इथंच आणा, मला दिसेल असं."

वहिनीने पातेले आणून स्टुलावर ठेवले. दादाने कडे तळाला टेकेल असे आत सोडले. पाणी फसफसले, आणि जो वास सकाळपासून तिघांनी घालवला होता तो पुन्हा खोलीभर झाला. वहिनी खिडकी उघडायला धावली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "माझाच वास आहे तो."

दोन-चार मिनिटांत काळे उतरले. खाचांतूनही उतरले. दादाने कडे थंड पाण्यातून काढून पुसले तेव्हा ते सकाळी टेबलावर होते तसेच झाले होते: पांढरे, आणि नक्षी जवळजवळ न दिसणारी. आईने हात पुढे केला. कडे साबणाशिवाय, काही न अडता, बोटांवरून मनगटावर गेले आणि तिथून कोपरापर्यंत घसरले. बाबांच्या ठशावरून त्याने बाबांच्या वेळचे माप घेतले होते. सोमवारची सूज उतरली होती, आणि त्या मापाचे मनगट आता राहिलेले नव्हते.

"लहान करून आणतो," दादा म्हणाला. "तासाभराचं काम आहे."

"आज नको. आज असू दे."

तिने कडे मनगटावर आणले आणि पंजा वर करून हात तसाच उभा धरला, म्हणजे ते खाली निसटून पडणार नाही. उजेड पांढऱ्या चांदीवर पडला होता. एक मिनिट गेले, दोन गेली.

"हात खाली घे ना, आई," बारकी म्हणाली. "दुखेल."

"पडेल."

बारकी उठून पलंगाच्या कडेला बसली. तिने आपले दोन्ही तळवे जोडून आईच्या मनगटाखाली धरले. "पडलं तर माझ्या हातात पडेल," ती म्हणाली, आणि हे वाक्य आपण बोललो याचीच तिला भीती वाटली.

आईने तिच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तिने हात हळूहळू खाली आणला, आणि कड्यासकट सगळा भार मुलीच्या ओंजळीत सोडून दिला.

तो फार नव्हता.